लाल पिंपापर्यंतचा पल्ला

२१ ऑक्टोबर, मंगळवार

हवामानाच्या नोंदवहीत शेऱ्यासाठी दोन बोटे रुंदीचा रकाना असतो. सोळा वर्षे तो मला पुरला. जूनपासून पुरत नाही, म्हणून ही वेगळी वही. हिच्यातून कोणाला काही कळवायचे नसल्याने अचूकपणाची सक्ती नाही; सवय मात्र आहे.

सकाळी उणे सात. वारा ईशान्येचा, मंद. सूर्य साडेसात तास वर होता. उद्या बारा मिनिटे कमी असेल. खाडीच्या कडेने बर्फाचा लगदा धरू लागला आहे. होड्या अजून निघतात. दोन आठवड्यांनी निघणार नाहीत, आणि कुत्र्यांची गाडी पेलण्याइतका बर्फ घट्ट व्हायला त्यापुढे आणखी पाच आठवडे लागतील. त्या मधल्या काळात आमच्या चौसष्ट माणसांच्या गावाला जगाशी जोडणारी एकच गोष्ट उरते, बुधवारचे हेलिकॉप्टर. आणि हेलिकॉप्टर अवलंबून असते माझ्या आकड्यावर.

दुकान सांभाळून दिवसातून तीनदा मी टेकडीवरच्या खोपटात जातो, समुद्राकडे पाहतो आणि नजर किती मीटरपर्यंत पोचते ते शहरातल्या उड्डाण-कक्षाला कळवतो. पल्ला आठशे मीटरहून कमी असेल तर उड्डाण नाही. किनाऱ्यापुढचा काळा खडक खोपटापासून सातशे मीटरवर आहे आणि पक्ष्यांचे बेट दीड हजारावर. या दोहोंमध्ये नुसते पाणी होते, तिथे अंदाज करावा लागे. ऑगस्टमध्ये मी होडी घेऊन गेलो, मधल्या, खोपटातून न दिसणाऱ्या बुटक्या खडकावर रिकामे तेलाचे पिंप साखळीने बांधले आणि त्याला लाल रंग दिला. तीनदा मोजले. आठशे वीस मीटर. आता अंदाजाचा प्रश्न नाही. पिंप दिसले तर उड्डाण, नाही दिसले तर नाही.

आज आमालिये दुकानात आली होती. कॉफी आणि निळ्या दोऱ्याची दोन रिळे घेतली.

"निरीक्षकसाहेब," ती म्हणाली, "तुमचं पिंप फार छान दिसतं हो घरातून."

"आठशे वीस मीटर," मी म्हणालो.

"दोन महिने आधी ठेवलं असतंत तर आणखी छान दिसलं असतं."

आमालिये माझ्या पत्नीची धाकटी बहीण. जूनपर्यंत ती मला दाजी म्हणत असे.

पत्नीचे नाव मी लिहीत नाही. गेलेल्या माणसाचे नाव नव्या बाळाला मिळेपर्यंत ते आमच्याकडे कोणी उच्चारत नाही. लिहिण्याबद्दल असा नियम नाही, याची मला कल्पना आहे.

२५ ऑक्टोबर, शनिवार

उणे नऊ. हलका हिमवर्षाव, पल्ला दोन हजार.

ओसरीवर पुन्हा झाकलेले भांडे होते. सीलचे मटण, तांदूळ आणि कांदा घातलेले सूप, अजून गरम. जुलैपासून दर शनिवारी हे भांडे येते. झाकण निळ्या दोऱ्याने आडवे-उभे बांधलेले असते. आज भांड्याखाली माझा डावा हातमोजाही होता. तो मी गेल्या आठवड्यात बंदरावर हरवला होता. अंगठ्याशी उसवलेली शिवण इतक्या बारीक टाक्यांनी भरली आहे की जुनी कुठे संपते आणि नवी कुठे सुरू होते ते भिंगाशिवाय सांगता येत नाही.

हे काम बोलेथे आजींचे. त्या गावच्या निवृत्त सुईण आहेत, वय एकोणऐंशी, आणि गावात कोण उपाशी आहे याची काळजी त्यांनाच असते. दर सोमवारी मी भांडे घासून त्यांच्या दारात ठेवतो. आज त्या वाटेत भेटल्या तेव्हा आभार मानले. त्यांनी आपले सुजलेले, वाकलेले हात माझ्यापुढे धरले आणि म्हणाल्या, "बाळा, तुला शाळेत गणित चांगलं यायचं, नाही का?"

वय झाले की माणूस विषय सोडून बोलतो.

२९ ऑक्टोबर, बुधवार

हेलिकॉप्टर वेळेवर आले. टपाल, बटाटे, चर्चसाठी मेणबत्त्या.

आमालियेची मुलगी तुकुम्मेक बंदरावर उभी राहून पाहत होती. पहिलीच खेप आहे. दिवस डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात भरतात. गावात डॉक्टर नाही, म्हणून गरोदर बाई महिनाभर आधी शहरच्या इस्पितळाजवळ जाऊन राहते. तिची जागा पुढच्या बुधवारची आहे. मी म्हणालो, आजच गेली असतीस तर बरे झाले असते.

"काका, एक आठवडा तरी पावियाजवळ राहू द्या की," ती म्हणाली. पाविया तिचा नवरा, मासेमार. "तिकडे महिनाभर पलंगावर बसून भिंत बघायची. तुम्ही याल का गप्पा मारायला?"

"मला निरीक्षण सोडता येत नाही."

"माहीत आहे हो काका. चेष्टा केली."

५ नोव्हेंबर, बुधवार

वायव्येचा वारा, झोत सेकंदाला सव्वीस मीटरचे. उड्डाण रद्द. आकडा कळवताना मला अडखळायला झाले नाही. वाऱ्याचा आकडा यंत्र देते.

होड्या आज वर ओढल्या. खाडीभर लगदा पसरला आहे. त्यातून वल्हे मारता येत नाही आणि त्यावर पायही ठेवता येत नाही. पाविया किनाऱ्यावर काठीने बर्फ टोचत फिरत होता. काठी प्रत्येक वेळी आरपार गेली. त्याने माझ्याकडे पाहिले आणि मी घड्याळाकडे.

तुकुम्मेकची जागा बारा तारखेची केली आहे.

अकरा जूनलाही हीच स्थिती होती, उलट्या बाजूने. बर्फ फुटत होता. गाडी नाही, होडी नाही. पत्नीचे पोट दुखू लागून दुसरा दिवस होता. शहरात हेलिकॉप्टर तयार होते. उजेड तर चोवीस तास होता. कमी पडला तो पल्ला. धुक्यात खडक दिसत होता, त्यापुढे काही नाही. मी सातशे कळवले. बारा तारखेला पहाटे ती गेली, आणि दुपारी धुके उठले.

शंभर मीटरचा फरक. मधल्या पाण्यात तेव्हा काहीच नव्हते, त्यामुळे आठशे कळवले असते तर ते खोटे आहे असे कोणालाही सिद्ध करता आले नसते. आमालियेने मला हे एकदाच, दफनाच्या दिवशी सुनावले. तिचे म्हणणे तर्काला धरून होते.

आकडा कळवण्याआधी मी खाली घरी गेलो होतो. तेव्हा पत्नी काय म्हणाली, ते मी कोणाला सांगितलेले नाही. सांगितले तर तो बचाव ठरेल.

९ नोव्हेंबर, रविवार

आज सूर्याचा शेवटचा दिवस. गणिताने तो तेरा तारखेपर्यंत असायला हवा, पण दक्षिणेच्या बेटावरचा डोंगर आमचे चार दिवस आधीच कापून घेतो. बारा वाजून एकोणीस मिनिटांनी कड दिसली आणि बारा सदतीसला गेली. पुढची भेट फेब्रुवारीत.

सगळे गाव टेकडीवर आले होते. शाळकरी मुलांनी गाणे म्हटले. कड बुडताना माणसे टोप्या काढतात, तशा काढल्या. उणे चौदा होते. कानांना ते कळले. मग आमालियेकडे सर्वांना कॉफी. मी जाणार नव्हतो. बोलेथे आजींनी दंडाला धरले आणि म्हणाल्या, "मला उतारावर आधार दे." उतार संपला तो आमालियेच्या दारात.

खोलीत दाटी होती. वाळवलेला हॅलिबट मासा, केक, सीलची चरबी. मी दाराजवळ बसलो. तुकुम्मेक पोटावर बशी ठेवून खात होती.

"टेबल बरोबर घेऊनच फिरते ही," पाविया म्हणाला.

"तुझंच सामान आहे त्यात," ती म्हणाली. "उचल तू थोडा वेळ."

आजींनी तिच्या पोटावर हात ठेवला आणि बराच वेळ ठेवला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलल्या, "जूनपासून एक नाव उघड्यावर आहे. थंडी वाढत चालली आहे. त्याला आत घ्यायला हवं कुणीतरी."

 नाव आत घेणे म्हणजे काय, ते सर्वांना ठाऊक आहे. ज्या बाळाला ते मिळते, ते बाळ त्या माणसाची सगळी नातीही घेऊन येते. त्याची बहीण त्याची बहीणच राहते, त्याचा नवरा नवराच.

"ते आम्ही ठरवू," आमालिये म्हणाली. ती माझ्याकडे पाहत नव्हती. "एक नाव दिलं की पुष्कळ माणसं घरात येतात."

मी कप धुऊन जागेवर ठेवला आणि निघालो. तिला माझे येणे नको आहे हे उघड आहे. त्यात अन्यायही नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

उणे पंधरा. दुपारी दक्षिणेला केशरी पट्टा, वर हिरवट, त्यावर जांभळा. एवढ्या उजेडात अजून सहा तास काम होते. भांडे घासून आजींच्या दारात ठेवले.

१२ नोव्हेंबर, बुधवार

उणे अठरा. वारा नाही. वारा असता तर बरे झाले असते. बाहेरचा समुद्र अजून उघडा आहे आणि अशा थंडीत तो चुलीवरच्या पाण्यासारखा वाफाळतो. ती वाफ किनाऱ्याला येऊन थांबते. डोक्यावर तारे दिसतात आणि समोर पाचशे मीटरवर भिंत. नऊ वाजता पाचशे, अकराला सहाशे, एकला पाचशे. उड्डाण रद्द.

तुकुम्मेकचे सामान लाल पिशवीत भरलेले होते. पावियाने ती हेलिकॉप्टरच्या चौथऱ्यापर्यंत आणली आणि परत नेली.

संध्याकाळी आजी दुकानात येऊन बाकावर बसल्या. "मूल उभं आहे," त्या म्हणाल्या. "डोकं वर, पाय खाली. अजून फिरेल कदाचित."

"नाही फिरलं तर?"

"तर इस्पितळ लागेल." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "माझ्या हातांत आता सुईसुद्धा राहत नाही, यूस्टुस. पाच वर्षं झाली."

ही माहिती मला नवी होती. मग हातमोजा कोणाकडून शिवून घेतला, ते विचारायचे राहून गेले.

१५ नोव्हेंबर, शनिवार

उणे एकोणीस. पल्ला सहाशे. भांडे आले. सूप नेहमीपेक्षा खारट होते.

१७ नोव्हेंबर, सोमवार

काल नोंद झाली नाही. काल आणि आज मिळून लिहितो.

रविवारी सकाळी नऊला पाविया दारात आला. टोपी नाही, कोटाची बटणे वरखाली लागलेली. "काका, पाणी गेलं."

दिवस भरायला तीन आठवडे बाकी होते आणि मूल फिरले नव्हते. आजींनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, "ताबडतोब इकडे." उड्डाण-कक्षाने सांगितले, "वैमानिक यंत्राशेजारी उभा आहे. दर तासाला पल्ला कळवा. आठशे मिळाले की निघतो." कामापुरता उजेड साडेनऊ ते साडेतीन. म्हणजे सहा तास.

दहा वाजता सहाशे. अकराला सहाशे. बाराला खडक दिसू लागला, सातशे. वाफ खालून विरत होती आणि वरून पुन्हा भरत होती. मी खोपटाबाहेर उभा राहून खडकाच्या उजवीकडे, पिंप जिथे असते त्या जागी पाहत होतो. तासभर एकाच जागी पाहिले की तिथे लाल ठिपका दिसू लागतो. डोळे मिटून उघडले की जातो. हे मी चार वेळा करून पाहिले.

एकला दहा मिनिटे असताना आमालिये वर आली. धापा टाकत होती. पापण्यांवर हिम.

"काय दिसतंय?"

"खडक. पिंप नाही."

"नीट बघा."

"नीटच बघतोय."

"कमी किती पडतंय?"

"शंभर मीटर."

"शंभर मीटर म्हणजे काय हो? माझ्या दारापासून चर्च."

"ते एकशे दहा आहे," मी म्हणालो. असे बोलायला नको होते, हे आता लक्षात येते.

ती कठड्यापाशी आली. माझ्या शेजारी उभी राहिली. खाली तिच्या घराच्या खिडकीत दिवा होता. मग मी एक गोष्ट केली. ती नियमात बसत नाही आणि सोळा वर्षांत मी ती केलेली नाही. मी म्हणालो, "या वेळी मी बघत नाही. तू बघ. तुला जे दिसेल तेच कळवतो."

पिंप दिसते असे ती म्हणाली असती, तर मी आठशे कळवले असते. हे इथे लिहून ठेवतो, कारण नोंदवहीत लिहिता येणार नाही.

ती कठड्याला धरून पाहत राहिली. चार मिनिटे. खोपटात रेडिओ खरखरला आणि कोणीतरी विचारले, निरीक्षण तयार आहे का. मी उत्तर दिले नाही.

"कोण येणार आहे घेऊन?" तिने विचारले. मान वळवली नाही.

"एक तरुण आहे. गेल्या वर्षी आला."

"तो हसरा? टपालाची पिशवी फेकतो तो?"

"तोच."

"त्याला आई असेल."

"असेल."

तिने हातमोज्याने डोळे पुसले आणि पुन्हा पाहिले. मग म्हणाली, "खडक आहे. त्याच्या पलीकडं सगळं दूध आहे. पिंप नाही दिसत मला." आणि थांबून, "सातशे सांगा."

मी आत जाऊन सातशे कळवले. आवाज बरोबर होता, असे मला वाटते. बाहेर आलो तेव्हा ती खोपटाच्या भिंतीला टेकून खाली बसली होती.

"जूनमध्ये तुम्ही एकटे उभे होतात इथं," ती म्हणाली.

"एकटा नव्हतो." आणि मी सांगितले. आकडा कळवण्याआधी खाली गेलो होतो. पत्नीने विचारले, खडक दिसतो का. मी म्हणालो, दिसतो. त्याच्या पुढे? नाही. म्हणाली, मग तेवढंच सांग. हेलिकॉप्टरात बसलेला माणूसही कुणाचा तरी असतो.

आमालियेने मान वर केली. "हे पाच महिने पोटात ठेवलंत? मला सांगता येत नव्हतं?"

"बचाव केल्यासारखं झालं असतं."

"आणि मी काय काय बोलले तुम्हाला. तुम्ही ना, दाजी," ती म्हणाली, आणि वाक्य पुरे न करता उठली. "चला खाली. तुमचं घड्याळ लागणार आहे."

मी दोनला आणि तीनला पुन्हा वर येऊन गेलो. दोन्ही वेळा सातशे. साडेतीनला उजेड संपला. तिने दाजी म्हटले होते, हे माझ्या लक्षात तीनच्या फेरीत आले.

घरात व्यवस्था ठरली होती. मध्ये पडदा. पडद्याआड तुकुम्मेक, डोक्याशी पाविया. आजी खुर्चीत बसून सांगणार आणि हात आमालियेचे. पडद्याबाहेर फोन धरून मी. डॉक्टर सांगतील ते आत सांगायचे आणि कळांमधले अंतर मोजून डॉक्टरांना. संध्याकाळी अंतर बारा मिनिटे होते, नंतर नऊ, मग पुन्हा अकरा. रात्र तशीच गेली. सकाळी आठला चार.

"तीन मिनिटं बावन्न सेकंद," मी म्हणालो.

"काका," आतून तुकुम्मेकचा आवाज आला, "सेकंद नाही सांगितलेत तरी चालेल हो."

"सांगू दे त्याला," आजी म्हणाल्या. "त्याला बरं वाटतं."

नऊ चाळीसला आजींचा आवाज बदलला. "पाय आले. ओढू नकोस, आमालिये. हात मागे. सीलचं कातडं नाही ते, ओढून काढायला. त्याचं त्याला येऊ दे. तू नुसता कपडा धर. ऊब दे."

डॉक्टरही तेच सांगत होते. मला ते दोनदा सांगावे लागले नाही.

"आता हात. वळव थोडं. सुईत दोरा घालतेस ना, तसं. घाई नाही. आता डोकं. आता लाव जोर, पोरी. आता."

नऊ वाजून बावन्न मिनिटे. त्यानंतर काही ऐकू आले नाही. मी सेकंद मोजले; मोजण्यावाचून दुसरे काही करता येत नव्हते. आत कोणीतरी पाठ चोळत होते. एकोणचाळीस सेकंदांनी रडणे सुरू झाले. मी डॉक्टरांना सांगितले, "रडते आहे." ते म्हणाले, "मला ऐकू येतंय, मीही ऐकतोच आहे." मी फोन ठेवायचे विसरलो.

मुलगी. खिडकीत निळा उजेड आला होता.

आजींनी विचारायचे ते विचारले. "कोण आलंय?"

तुकुम्मेकने आईकडे पाहिले. आमालियेने बाळाला जवळ घेतले, ओठावर पाण्याचा थेंब ठेवला आणि कानाशी बोलली. ती हळू बोलली, पण मी पडद्यापासून दीड मीटरवर होतो.

"इवालु," ती म्हणाली. आणि मग, "ताई, किती वेळ लावलास गं."

नंतर तिने पडदा बाजूला सारला आणि गाठोडे माझ्या हातात दिले. "घ्या, दाजी. तुमची बायको. या खेपेला जरा गोड बोला तिच्याशी."

वजन सुमारे सव्वादोन किलो असावे. अचूक सांगता येत नाही, कारण काट्यासाठी मी तिला हातातून सोडले नाही.

चुलीवर सूप उकळत होते. भांडे ओळखीचे होते, शनिवारी माझ्याकडे आलेल्याची जोडी. झाकणाला निळ्या दोऱ्याचा तुकडा अडकलेला. बोलेथे आजींचे भांडे इथे कसे, असे मी विचारले. आजी, आमालिये आणि अंथरुणातली तुकुम्मेकसुद्धा हसू लागल्या. तिघी दमलेल्या होत्या, म्हणून मी पुन्हा विचारले नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

उणे एकवीस. पहाटे पूर्वेचा वारा सुटला आणि त्याने वाफ समुद्रात ढकलली. नऊ पंचेचाळीसला पिंप दिसले. लाल, वरच्या कडेवर हिमाची टोपी. पलीकडे बेटही स्पष्ट. दीड हजार कळवले.

हेलिकॉप्टर अकरा वीसला उतरले. इस्पितळात मायलेकींची तपासणी होईल. बाळ लवकर आले आहे, म्हणून आठवडाभर तिथेच ठेवतील. आमालिये बरोबर गेली. पाविया गेला नाही, जागा तीनच.

सामान चढत असताना तो हसरा वैमानिक माझ्याजवळ आला. "रविवारी दिवसभर दर तासाला बूट घालून तयार व्हायचो," तो म्हणाला. "तुमचा सातशे आला की काढायचो."

"शंभरच कमी होते," मी म्हणालो.

"तुम्ही आठशे म्हणाला असतात तर मी विचारलं नसतं. निघालो असतो. तुमचा आकडा आहे म्हटल्यावर इथं कोणी खिडकीबाहेरसुद्धा बघत नाही." त्याने टपालाची पिशवी फेकली. ती पावियाने झेलली.

आमालिये चढता चढता उतरली आणि पिशवीतून झाकलेले भांडे काढून माझ्या हातात दिले. निळा दोरा, आडवा-उभा. "शनिवारी मी नसेन. हे दोन दिवस पुरवा. आणि भांडं या वेळी माझ्या दारात ठेवा हो. आजी दर सोमवारी ते उचलून माझ्याकडे आणतात, गुडघे दुखतात त्यांचे."

म्हणजे जुलैपासून मी भांडी चुकीच्या दारात परत करीत होतो. वीस आठवडे. एकाही आठवड्यात कोणी मला सांगितले नाही.

दार बंद होण्याआधी मी खिशातली वस्तू तुकुम्मेककडे दिली. पत्नीचे अंगुस्तान, शिवताना बोटात घालायची पितळी टोपी, एका बाजूला झिजलेली. ते ज्याचे त्याला मिळायला हवे होते. बाळाच्या मुठीत ते राहिले नाही, तेव्हा तुकुम्मेकने ते आपल्या बोटात घातले.

हेलिकॉप्टर दक्षिणेला वळले. पिंपावरून गेले, बेटावरून गेले, आणि केशरी पट्ट्यावर त्याचा दिवा बराच वेळ दिसत राहिला. तिथे माझी खूण नाही, म्हणून तो पल्ला मोजता येत नाही. मी तो नोंदवला नाही. दिसेनासा होईपर्यंत उभा राहिलो.

दुपारी दुकान उघडले. आजी आल्या, बाकावर बसल्या आणि विचारले, "घरात काय काय करून ठेवायचं आहे?" मी यादी केली: खोलीत वारा शिरणारी फट बुजवणे, दुसरी खुर्ची रंगवणे, खिडकीतला दिवा बदलणे. फेब्रुवारीत सूर्य येईल तेव्हा बाळाला टेकडीवर कोण नेणार, तेही आजींनी विचारले. तो माझा हक्क आहे, असे त्यांचे मत पडले.

इवालु पुढच्या बुधवारी, सव्वीस तारखेला घरी येणार आहे. हवामान अनुकूल असल्यास.